गुडघ्यातलं दार

मुलांनो, जरा डोळे मिटा. आता असं समजा की तुम्ही उताणे पडला आहात आणि तुमच्या अंगावर गळ्यापर्यंत वाळू आहे. सकाळपासून उन्हात भाजलेली, गरमागरम वाळू. हात आत, पाय आत, पोट आत. बाहेर फक्त डोकं. आणि नेमकी तुमच्या नाकाच्या शेंड्यावर माशी येऊन बसली आहे. हलवा बघू हात! नाही हलत ना? मग आता तुम्हाला उस्ता शहाताची अवस्था बरोबर कळेल.

"पोरी, माशी!" उस्ता ओरडला.

तिब्राने फडक्याने माशी उडवली, त्याच फडक्याने त्याच्या कपाळाचा घाम टिपला आणि छत्री पुन्हा नीट धरली.

"देव तुझं भलं करो," उस्ता म्हणाला. "तीन पोरांचा बाप मी, चार मजुरांचा मालक. आणि आज एका माशीपुढे हात टेकले. टेकले पण कसे म्हणू? हात तरी कुठे आहेत?"

उस्ता म्हणजे कारागीर. उस्ता शहाता हा दमनहूर शहरातला फरशीवाला. तीस वर्षं लोकांच्या घरांत गुडघ्यांवर रांगत त्याने फरशा बसवल्या आणि त्यात गुडघ्यांचं वाटोळं झालं. म्हणून ऐन जुलैत तो वाळवंटातल्या सीवा गावाला आला होता, दकरूर डोंगराखालच्या वाळूत स्वतःला पुरून घ्यायला. दरवर्षी असे पुष्कळ लोक येतात. सकाळी खड्डा खणतात आणि तो उन्हात तापू देतात. दुपारी माणसाला त्यात निजवून वरून वाळू लोटतात. पाव तासाने बाहेर काढलं की घोंगडीत गुंडाळून तंबूत नेतात आणि गरम मेथीचं पाणी पाजतात. असं तीन दिवस, नाहीतर पाच दिवस. त्या दिवसांत गार पाणी नाही, वारा नाही, आंघोळ नाही.

उस्ताला पुरणारा माणूस होता तिब्राचा आजोबा, शेख किलानी. वाळूत माणसं पुरण्यात त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता. कुणाच्या छातीवर किती वाळू सोसेल हे तो नुसतं तोंडाकडे बघून सांगायचा.

आणि तिब्रा? तिब्रा नऊ वर्षांची होती आणि तिच्याकडे छत्री होती. लोकांना वाटायचं, छत्री वाळूत पुरलेल्या पाहुण्याच्या तोंडावर सावली धरायला आहे. ते खरंच होतं. पण त्या छत्रीचं आणखी एक काम होतं, आणि ते फक्त तिब्राला आणि आजोबांना ठाऊक होतं. वाळू लोटून झाली की आजोबा म्हणायचे, "तिब्रा, ऊन आलं बघ." लगेच ती छत्री पाहुण्याच्या डोळ्यांसमोर आडवी करायची. मग छत्रीमागे आजोबा फावड्याच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून, दात आवळून, हळूहळू उभे राहायचे.

आजोबांचे गुडघे गेले होते. डावा तर पारच.

"टकल्या न्हाव्याकडून केसांचं तेल कोण विकत घेईल?" ते तिला म्हणाले होते. "मी लंगडताना दिसलो की दुसऱ्या दिवशी सगळे पलीकडे माणसं पुरणाऱ्या त्या बशीरच्या खड्ड्यात जाऊन पडतील." मग त्यांनी तिला भाकरीवर हात ठेवायला लावला होता. "म्हण, माझ्या आजोबांच्या पायाबद्दल माझ्या तोंडून बाबांपुढे एक शब्द निघणार नाही." तिब्रा म्हणाली होती. भाकरीवर हात ठेवून घेतलेली शपथ म्हणजे चेष्टा नव्हे.

पंचाईत अशी, की दुसऱ्या बाजूने बाबांनी तिला वेगळंच सांगून ठेवलं होतं. "तुझ्या आजोबांचा पाय एकदा जरी लटपटला, तरी मला सांगायचं. मी हे खड्डे बुजवतो आणि त्यांना मतरूह शहरात तुझ्या आत्याकडे नेऊन ठेवतो. तिथे डॉक्टर आहे."

आत्याचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. गेल्या हिवाळ्यात आजोबा आठ दिवस तिथे राहिले होते. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसायची, बस्स. जिने उतरायचे म्हटलं की गुडघे नको म्हणायचे, म्हणून ते आठही दिवस त्या भिंतीकडे बघत बसले. परत आले तेव्हा गाडीतून उतरून आधी त्यांनी मूठभर वाळू हातात घेतली, मग घरच्यांना सलाम केला.

आता तुम्हीच सांगा, तिब्राने काय करावं? सांगितलं तर आजोबा त्या भिंतीसमोर. नाही सांगितलं तर पाय रोज आणखी बिघडणार. तिला रोज वाटायचं की आपणही गळ्यापर्यंत वाळूत आहोत आणि आपली छत्री धरायला कुणी नाही.

तिला आणखी एक भीती होती. आजोबांचं म्हणणं होतं की माणसं उठून जातात, पण त्यांची दुखणी वाळूत राहतात. चाळीस वर्षं ते त्याच वाळूत गुडघे टेकत आले होते, म्हणून ती सगळी दुखणी त्यांच्या पायांत शिरली. हे ऐकल्यापासून तिब्रा बुजवलेल्या खड्ड्यांवर पाय ठेवत नसे. वळसा घालून जायची. उभी राहिली तरी एका चटईच्या तुकड्यावर.

त्या दुपारी आजूबाजूला कुणी नव्हतं. बाकीचे सगळे आपापले पाहुणे घेऊन तंबूत गेले होते. बशीरचा तंबू वाळूच्या उंचवट्यापलीकडे होता. बाबा गाडी घेऊन चार वाजता यायचे होते.

"उस्ता, पोटावर आणखी थोडी घालतो," आजोबा म्हणाले.

"घाला, घाला. पोट मोठं आहे, वाळू तुमची आहे."

"वाळू देवाची आहे. पोट मात्र तुझंच."

आजोबा गुडघ्यांवर बसले होते. तसेच कमरेतून वळून त्यांनी मागची वाळू फावड्यावर घेतली, आणि परत वळताना काहीतरी झालं. तिब्राला आवाज ऐकू आला. सुकी शेंग मोडावी तसा, बारीकसा. फावडं पडलं. आजोबा एका कुशीवर कलंडले आणि डावा पाय दुमडलेला तसाच राहिला.

"तिब्रा," ते दातांतून म्हणाले, "ऊन आलं बघ."

तिने छत्री आडवी केली. आजोबांनी दांडा धरला, जोर केला आणि पुन्हा खाली बसले. पाय सरळ होईना.

"आजोबा," ती कुजबुजली, "बशीरकाकांना हाक मारू?"

"खबरदार! शपथ आहे ना?"

"शपथ फक्त बाबांना न सांगण्याची होती."

"बशीरला कळलं म्हणजे अख्ख्या गावाला कळलं. तुझा बाप काय गावाबाहेर राहतो?"

"काय चाललंय?" छत्रीपलीकडून उस्ताने विचारलं. "मला आभाळ दिसत नाही. छत्रीची काडी तेवढी दिसतेय."

"काही नाही. जरा बसलोय," आजोबा म्हणाले.

"नुसता बसलेला माणूस असा श्वास घेत नाही, शेख. असा श्वास मी घेतो, शेवटची फरशी लावून उठताना. पोरी, छत्री बाजूला कर."

तिब्राने आजोबांकडे पाहिलं. ते दोन्ही हातांनी गुडघा दाबत होते. तिने छत्री सरळ केली. उस्ताने मान जमेल तेवढी वळवून डोळे तिरपे केले.

"अडकला?"

"तुला काय करायचंय?" आजोबा म्हणाले.

"वा! मी इथे मुळ्यासारखा पुरलेला, मला उपटणारा माणूस तिथे अडकलेला, आणि मला काय करायचंय? डावा? सरळ होत नाही? आत काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय?"

आजोबांनी मान हलवली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पाहुण्यासमोर आपलं दुखणं कबूल केलं.

"लोकांची दुखणी आहेत ती," ते पुटपुटले. "तुम्ही इथे सोडून जाता आणि ती माझ्यात शिरतात."

उस्ता इतका हसला की छातीवरच्या वाळूला भेग पडली. "शेख, माझं दुखणं अजून माझ्याचकडे आहे, शोधून बघा! गुडघे टेकून बसण्याचं हे फळ आहे. मीही बसलो, तुम्हीही बसलात. मी लोकांच्या न्हाणीघरात, तुम्ही वाळूत. माझ्या डॉक्टरने चित्र काढून दाखवलं होतं. वरच्या हाडाखाली, खालच्या हाडावर दोन मऊ गाद्या असतात. वर्षानुवर्षं दाबून त्या झिजतात, विरतात. मग एक दिवस अंग पिळलं की गादीचा तुकडा फाटतो आणि दोन हाडांमध्ये जाऊन बसतो."

"मग?" तिब्राने विचारलं.

"मग काय? पोरी, तुमच्या तंबूशेजारी ती मातीची खोली आहे ना? तिचं दार आत उघडतं. आतून दार ओढताना खाली पायपुसणं गोळा होऊन अडकलं, तर तू काय करशील?"

"जोरात ओढीन."

"मग दार आणखी घट्ट बसेल. आधी दार मागे ढकलायचं. पायपुसणं सोडवायचं. मग हळू उघडायचं. गुडघ्याचंही तसंच. सरळ होत नाही म्हणून ओढायचं नाही. आधी सोसेल तेवढा आणखी वाकवायचा. दुखायला लागलं की थांबायचं."

"डॉक्टरला एवढं कळतं, तर वाळूत कशाला आलास?" आजोबांनी विचारलं.

"डॉक्टर म्हणाला वजन कमी कर, मांडीचे व्यायाम कर, गुडघे टेकणं सोड. वाळू असलं काही म्हणत नाही. गप्प असते बिचारी."

आता आजोबाही हसले, पण अर्ध्यावर कळ आली आणि हसू तिथेच मोडलं.

"पोरी, ती टाच दोन्ही हातांनी धर," उस्ता सांगू लागला. "शेख, तुम्ही मागे टेकून बसा. मांडी सैल सोडा. ती आवळलीत तर काही उपयोग नाही. आता पोरी, टाच हळूच त्यांच्याकडे सरकव. ओढू नकोस..."

तिब्राने छत्री वाळूत रोवली, चटईवर बसून हात लांब केले आणि टाच धरली. ती सरकवली. आजोबांनी दम धरला, मग घाई केली आणि पाय स्वतःच पुढे झटकला. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिब्राने कधी ऐकला नव्हता.

"सांगितलं ना, घाई नको!" उस्ता म्हणाला. "म्हातारी माणसं आणि लहान मुलं, दोघांनाही... दोघांनाही एकदा..."

तो पुढे बोलला नाही.

तिब्राने वळून पाहिलं. छत्री एका बाजूला कलंडली होती. उस्ताच्या तोंडावर ऊन आलं होतं. डोळे अर्धवट मिटले होते. वरच्या ओठावर मघाशी दवासारखा घाम होता, तिथे आता कोरडी, पांढुरकी कातडी दिसत होती.

आजोबांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, घाम बोलतोय तोवर माणूस ठीक आहे. घाम गप्प झाला की माणूस त्या क्षणी बाहेर.

"आजोबा, घाम थांबलाय!"

आजोबांचा चेहराच बदलला. ते दोन हातांवर पुढे सरकू लागले, दुमडलेला पाय मागे ओढत. "छाती! आधी छाती मोकळी कर, म्हणजे श्वास येईल. मग हात. पाय शेवटी!"

छातीपाशी पोचायचं तर चटईवरून उतरावं लागणार होतं. उस्ताची वाळू. त्याआधी त्याच खड्ड्यात पडलेल्या शंभर माणसांची वाळू. तिब्राने एक पाय उचलला आणि तो क्षणभर तसाच अधांतरी राहिला. मग ती उतरली. दोन्ही गुडघे वाळूत रुतवून तिने ओंजळीने वाळू उपसायला सुरुवात केली.

वाळू तव्यासारखी तापली होती. एक ओंजळ काढावी तर दोन ओंजळी पुन्हा घसरत यायच्या. ओठ आवळून ती उपसत राहिली. उस्ताचा खांदा दिसू लागला, छाती अर्धी दिसू लागली. पण एवढा मोठा माणूस नऊ वर्षांच्या पोरीकडून कसा निघणार? मागे आजोबा अजून चार हात लांब होते. वाळूत रांगताना त्यांचं अंग पुढे जात होतं आणि पाय मागे राहत होता.

त्यांचे डोळे तिच्या डोळ्यांना भिडले. ते नाही म्हणत नव्हते आणि हो देखील म्हणत नव्हते. त्यांना त्या भिंतीसमोरची खिडकी दिसत असावी. तिब्रालाही ती दिसली.

ती उभी राहिली आणि उंचवट्याकडे तोंड करून ओरडली, "बशीरकाका! बशीरकाका, उस्ता!"

बशीर आला. त्याच्याबरोबर त्याचे दोन पाहुणे आले, घोंगड्या गुंडाळलेले. पाहुणे धावत उतरले. बशीर मात्र उंचवट्यावरून आडवा आडवा उतरला, खेकड्यासारखा, एका वेळी एक पाऊल टाकत, हात मांडीवर दाबून. तिब्राने ते पाहिलं. असं कोण उतरतं, हे तिला चांगलं माहीत होतं.

तिघांनी उस्ताला उपसून सावलीत नेलं. त्या दिवशी बशीरने वाळूचा नियम मोडला. त्याने मेथीचं पाणी मागवलं नाही. गार पाण्याचं फडकं उस्ताच्या मानेवर आणि काखेत ठेवलं, पाय उशीवर उंच केले, आणि डोळे उघडून तो नीट बोलू लागल्यावर मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. हे लक्षात ठेवा, मुलांनो. उन्हाने माणूस मलूल झाला की आधी सावली आणि गारवा. त्यापुढे सगळे नियम मागे.

डोळे उघडल्यावर उस्ता पहिलं वाक्य बोलला ते असं. "मी मघाशी काय सांगत होतो? हां. एकदा सांगून कळत नाही."

मग तंबूत त्याच्या शेजारी आजोबांना निजवलं. तिब्राने पुन्हा टाच धरली. या वेळी आजोबांनी मांडी सैल सोडली. टाच मागे गेली, थांबली, उस्ताच्या सांगण्याप्रमाणे जरा आत, जरा बाहेर वळली. आत कुठेतरी कडी निघावी तसा बारीक आवाज झाला आणि पाय हळूहळू सरळ झाला. गुडघा मात्र खरबुजासारखा सुजला होता.

"सुटला म्हणजे बरा झाला नव्हे," उस्ता म्हणाला. "पुन्हा अडकेल. डॉक्टरला दाखवा, शेख. दाखवायचं म्हणजे तिथे जाऊन राहायचं नाही. दाखवायचं आणि परत यायचं. माझ्या पिशवीत फरशीवाल्यांच्या गुडघ्याच्या रबरी गाद्या आहेत. त्या घ्या. मला आता त्यांचं काम नाही. गुडघ्यांवरचं काम मी आता मुलाकडे दिलंय."

बशीर उठला. आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं. तो काय बोलतो याची तिब्रालाही धास्ती होती.

"मी काय पाहिलं?" बशीर म्हणाला. "एक म्हातारा वाळूत बसला होता. म्हातारे बसतातच." जाता जाता तंबूच्या खांबाला धरून तो क्षणभर थांबला, पाय झटकला आणि गेला.

म्हणजे सगळं पुन्हा झाकलं गेलं. आजोबांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांनी तिब्राकडे बघून बोट ओठांवर ठेवलं आणि ते बाहेर जाऊन बाकावर बसले, पाय समोर लांब करून, जसं काही दमून आराम करताहेत. गुडघ्यावर त्यांनी अंगरखा ओढून घेतला होता. तिब्राच्या छातीवरची वाळू मात्र होती तिथेच होती. उद्या पुन्हा छत्री, पुन्हा ते उठणं, पुन्हा ती शेंग मोडल्याचा आवाज. आणि उद्याचा पाहुणा कदाचित उस्ताइतका दणकट नसेल.

चार वाजता बाबा आले. तिला घेऊन मातीच्या खोलीत गेले आणि दार लोटलं, आजोबांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"तुझ्या हातांना फोड कसले आलेत?"

तिब्राने हात पाठीमागे लपवले.

"आज काही झालं का? आजोबांचे पाय कसे होते?"

तिब्राने तोंड उघडलं आणि मिटलं. भाकरी आठवली. खिडकी आठवली.

"बोल की! तोंडात मूग धरलेस का?" बाबांचा आवाज चढला. "बरं, नको बोलूस. तुमचं दोघांचं काय चाललंय ते मला कळत नाही असं समजू नका. आता मी बाहेर जातो आणि त्यांना उचलून गाडीत घालतो. बास झालं!"

ते दाराकडे वळले. तिब्रा त्यांच्या आधी पोचली. तिने वाकून खजुराच्या पातीचं पायपुसणं दोन्ही हातांनी चुरगाळलं आणि दाराच्या खालच्या फटीत सारलं, घट्ट.

बाबांनी दार ओढलं. ते अडलं. आणखी जोरात ओढलं. लाकूड करकरलं.

"हे काय खूळ?"

तिब्राने एक शब्द काढला नाही; शपथ शब्दाचीच होती. तिने आपले फोड आलेले हात बाबांच्या हातांवर ठेवले आणि दार मागे ढकललं. मग खाली बसून पायपुसणं सोडवलं, सरळ केलं. मग बाबांचा हात धरून दार हळूहळू, अगदी हळूहळू उघडलं.

समोर बाकावर आजोबा बसले होते, डावा पाय लांब केलेला. बाबांनी पायपुसण्याकडे पाहिलं. मग त्या पायाकडे. मग पुन्हा पायपुसण्याकडे.

तिब्रा बाहेर गेली. तिने वळसा घातला नाही, बुजवलेल्या खड्ड्यावरून सरळ चालत गेली. आजोबांसमोर वाळूत बसली, त्यांच्या गुडघ्यावरचा अंगरखा बाजूला केला आणि दोन्ही तळवे त्यांच्या टाचेखाली धरले. मग ती एका बाजूला सरकली आणि बाबांना बसायला जागा करून दिली.